लोणावळ्याचा पाऊस कुठल्या समुद्रात जातो?

लोणावळ्यात वर्षाला साधारण 4,000 मिमी पाऊस, तर जेमतेम 65 किमीवरच्या पुण्यात 700च्या आसपास. किमया सह्याद्रीची! अरबी समुद्रावरचा दमट वारा बोरघाटाच्या कड्यांना अडतो, वर चढतो, थंड होतो आणि वाफेचं पाणी होतं. घाटमाथा ओलांडून उतरताना तोच वारा तापतो, ढग विरतात. म्हणून तळेगावकडे पाऊस झपाट्याने कमी होतो.

पुढचं तर मला फारच भारी वाटतं. कुरवंड्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी हे पाणी भीमा-कृष्णेमार्गे बंगालच्या उपसागराकडे नेते. शेजारच्या वळवण धरणाचं पाणी मात्र मोठ्या नळांतून घाटाखाली खोपोलीला उतरतं, 1915 पासून तिथे वीज तयार करतं आणि पाताळगंगेतून पुन्हा अरबी समुद्रालाच मिळतं.