शिशाच्या केबलचा सांधा

पावसाळ्यात वीज गेली की रस्त्यावरील खड्ड्यात उतरून काम करणारा केबल जॉइंटर अनेकांनी पाहिला असेल. मुंबई शहरात विजेचे जाळे जमिनीखालून जाते. जुन्या पद्धतीच्या भूमिगत केबलमध्ये तेलात मुरवलेल्या कागदाचे थर विद्युतरोधनाचे काम करतात. त्यावर शिशाचे अखंड आवरण असते. कागद ओलावा चटकन शोषतो. म्हणून सांध्यात शिरलेला पाण्याचा अंशही घातक ठरतो.

त्यामुळे कामाचा आरंभ परीक्षेने होतो. कागदाची पट्टी सुमारे १३० अंश सेल्सिअस तापलेल्या तेलात बुडवतात. तडतड झाली किंवा फेस आला, तर कोरडा भाग लागेपर्यंत केबल कापावी लागते. पट्टी चिमट्यानेच धरतात, कारण बोटांचा घामही फसवतो. मग तारा जोडून त्यांवर कागद गुंडाळतात आणि आधीच सरकवून ठेवलेली शिशाची नळी सांध्यावर आणतात.

खरी कसोटी पुढेच असते. नळीची टोके केबलच्या आवरणाला डाख देऊन जोडायची असतात. शिसे ३२७ अंशांना वितळते, तर शिसे-कथिलाचा डाख १८३ अंशांच्या पुढे काही अंशांपर्यंत लोण्यासारखा मऊ राहतो. तेवढ्यात चरबी लावलेल्या कापडाने तो गोलाकार पुसून बसवावा लागतो. उष्णता कमी पडली तर फट राहते, अधिक झाली तर आवरणच वितळते.

नव्या प्लास्टिक केबलना उष्णतेने आकसणाऱ्या नळ्या पुरतात. मात्र जुनी केबल जमिनीत आहे, तोवर तिला नवी जोडताना शिशाशी गाठ पडणारच. हे कसब अनुभवी हातांकडूनच शिकता येते. ते हात निवृत्त होण्यापूर्वी नव्यांना शिकवणे, हेच शहाणपणाचे.