ख्मेर अध्ययन

ख्मेर अध्ययन ही कंबोडियातील ख्मेर लोकांची भाषा, शिलालेख, इतिहास, पुरातत्त्व, कला, धर्म आणि समकालीन समाज यांचा अभ्यास करणारी विद्याशाखा आहे. प्राचीन ख्मेर राज्याचा विस्तार आजच्या थायलंड, लाओस आणि दक्षिण व्हिएतनामच्या काही भागांत होता. त्यामुळे या अभ्यासाची साधने चार देशांत विखुरलेली आहेत आणि थाई, लाओ व चाम अध्ययनाशी त्याचा निकटचा संबंध आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच वसाहतकाळात या शाखेचा पाया घातला गेला. १९७५ ते १९७९ या काळातील ख्मेर रूज राजवटीत देशातील विद्वान, ग्रंथालये आणि शिक्षणसंस्था यांचा मोठा विनाश झाला. १९९० च्या दशकानंतर झालेल्या पुनर्बांधणीत कंबोडियन संशोधकांचा सहभाग सातत्याने वाढत गेला आहे.

भाषा आणि लिपी

ख्मेर भाषा ऑस्ट्रो-आशियाई भाषाकुलातील आहे. थाई, लाओ आणि व्हिएतनामी या शेजारच्या भाषांच्या उलट तिच्यात शब्दाचा अर्थ स्वरांच्या चढउतारावर अवलंबून नसतो. याच भाषाकुलाच्या मुंडा शाखेतील कोरकू ही भाषा महाराष्ट्रातील मेळघाटात बोलली जाते. म्हणजे ख्मेर आणि कोरकू या एकमेकींच्या दूरच्या नातलग ठरतात. ख्मेर लिपी दक्षिण भारतातील पल्लव लिपीपासून विकसित झाली. भाषेत संस्कृत आणि पाली शब्दांचा मोठा भरणा असला, तरी तिचे व्याकरण आणि मूळ शब्दसंग्रह भारतीय-आर्य नाहीत.

साधने

प्राचीन काळासाठी शिलालेख हे सर्वांत महत्त्वाचे साधन आहे. आजवर हजाराहून अधिक लेखांची नोंद झाली असून प्रत्येकाला ‘के’ या अक्षरासह एक क्रमांक दिला जातो. आंकोर बोरेई येथील शके ५३३ (इ.स. ६११) मधील लेख हा ख्मेर भाषेतील सर्वांत जुना निश्चित कालाचा लेख मानला जातो. ख्मेर लेखांत कालगणनेसाठी शक वापरला जाई. मराठी पंचांगांत आजही चालणारा शालिवाहन शक तो हाच. त्यात ७८ मिळवले की साधारणपणे इसवी सन मिळतो. मेकाँग नदीकाठच्या सांबोर येथील के १२७ या लेखात शके ६०५ (इ.स. ६८३) हे वर्ष अंकांत कोरलेले असून त्यातील शून्य टिंबाने दाखवले आहे. शून्याच्या खुणेच्या सर्वांत जुन्या निश्चित कालाच्या पुराव्यांत त्याची गणना होते.

अनेक लेख द्विभाषिक आहेत, परंतु त्यांतील दोन भाषांचे काम वेगवेगळे आहे. संस्कृत भागात देवतांची स्तुती, राजवंशाची प्रशस्ती आणि दात्याचा गौरव पद्यात येतो. ख्मेर भागात जमिनीच्या सीमा, भाताची मापे, गुरेढोरे आणि देवळाला वाहिलेल्या सेवकांची नावे गद्यात येतात. केवळ संस्कृत भाग वाचणाऱ्याला राजे आणि देव दिसतात. शेतकरी, गुलाम आणि गावे ख्मेर भागातच सापडतात. या शाखेतील अनेक मतभेदांचे मूळ या फरकात आहे.

शिलालेखांना पूरक म्हणून चिनी वृत्तान्त उपयोगी पडतात. चिनी शिष्टमंडळासोबत १२९६ मध्ये आंकोरला आलेल्या जौ दाग्वान याचा वृत्तान्त हे त्या नगराचे प्रत्यक्षदर्शीने केलेले एकमेव विस्तृत वर्णन आहे. उत्तरकाळासाठी राजबखरी आणि बौद्ध विहारांतील ताडपत्रांवरील व घडीच्या कागदावरील हस्तलिखिते वापरली जातात.

इतिहास

वसाहतकाळ

ओगुस्त बार्त आणि आबेल बेर्गेन या फ्रेंच संस्कृतज्ञांनी कंबोडियातील संस्कृत लेखांचे पहिले मोठे संकलन १८८५ आणि १८९३ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केले. एत्येन एमोनिए यांनी ख्मेर लेखांकडे लक्ष वेधले. १९०० मध्ये एकोल फ्रांसेज दे एक्स्त्रेम-ओरिआँ ही फ्रेंच संशोधनसंस्था स्थापन झाली आणि १९०८ पासून आंकोरच्या संवर्धनासाठी स्वतंत्र कार्यालय काम करू लागले. १९३० च्या दशकात बांते स्रेई या मंदिराचे ढासळलेले दगड मूळ जागी पुन्हा रचून जीर्णोद्धार करण्यात आला.

जॉर्ज सेदेस (१८८६–१९६९) यांनी १९३७ ते १९६६ या काळात आठ खंडांत कंबोडियाचे शिलालेख संपादित केले. आग्नेय आशियातील ‘हिंदूकृत’ राज्यांची त्यांची मांडणी दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. याच सुमारास भारतात बृहत्तर भारताच्या कल्पनेने प्रेरित झालेले लेखन होत होते. रमेशचंद्र मजुमदार यांनी कंबुज देशाचा इतिहास (१९४४) आणि तेथील शिलालेखांचा संग्रह (१९५३) प्रसिद्ध केला. या दोन्ही परंपरांत ख्मेर समाज मुख्यतः भारतीय संस्कृतीचा स्वीकार करणारा म्हणून रंगवला गेला, अशी टीका पुढे झाली.

या काळात कंबोडियातही स्वतंत्र विद्यापरंपरा आकाराला येत होती. १९३० मध्ये प्नोम पेन्ह येथे बौद्ध संस्था स्थापन झाली. भिक्षू च्वॉन नाथ यांच्या नेतृत्वाखाली सिद्ध झालेला ख्मेर शब्दकोश १९३८ आणि १९४३ मध्ये दोन भागांत प्रकाशित झाला. स्वातंत्र्यानंतर १९६० मध्ये आजचे रॉयल युनिव्हर्सिटी ऑफ प्नोम पेन्ह आणि १९६५ मध्ये ललित कलांचे रॉयल विद्यापीठ सुरू झाले. दुसऱ्या संस्थेच्या पुरातत्त्व विभागात कंबोडियन पुरातत्त्वज्ञांची पहिली पिढी घडली.

ख्मेर रूज राजवट आणि विद्येतील खंड

एप्रिल १९७५ ते जानेवारी १९७९ या काळात उपासमार, सक्तीची मजुरी, रोगराई आणि हत्या यांमुळे सुमारे १७ ते २२ लाख लोक मृत्युमुखी पडल्याचे अंदाज आहेत. शाळा आणि विद्यापीठे बंद झाली, विहार ओस पाडले गेले आणि तेथील बहुसंख्य हस्तलिखिते नष्ट झाली. प्रशिक्षित पुरातत्त्वज्ञांपैकी मोजकेच वाचले. या हानीचे ठळक उदाहरण बाफुओन या मंदिराचे आहे. १९६० च्या दशकात जीर्णोद्धारासाठी त्याचे सुमारे तीन लाख दगड सुटे करून भोवतालच्या रानात मांडले होते. कोणता दगड कुठला, याच्या नोंदी या काळात नष्ट झाल्या. १९९५ मध्ये पुन्हा सुरू झालेले काम दगडांच्या आकारावरून त्यांची जागा शोधत २०११ मध्ये पूर्ण झाले.

पुनर्बांधणी

ललित कला विद्यापीठ १९८० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा सुरू झाले. आंकोरला १९९२ मध्ये जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला आणि १९९५ मध्ये त्याच्या व्यवस्थापनासाठी अप्सरा हे राष्ट्रीय प्राधिकरण स्थापन झाले. १९९० पासून फ्रेंच आणि कंबोडियन अभ्यासकांनी विहारांत वाचलेल्या हस्तलिखितांचा शोध, दुरुस्ती आणि सूचीकरण हाती घेतले. १९९५ मध्ये येल विद्यापीठाचे क्षेत्रीय कार्यालय म्हणून सुरू झालेले कंबोडियाचे प्रलेखन केंद्र १९९७ मध्ये स्वतंत्र झाले. त्याने जमवलेली कागदपत्रे ख्मेर रूज नेत्यांविरुद्धच्या खटल्यांत पुरावा म्हणून वापरली गेली. या केंद्राने २००७ मध्ये ख्मेर रूज काळाच्या इतिहासावरील पाठ्यपुस्तकही प्रसिद्ध केले.

अलीकडील संशोधन

हवाई लेझर सर्वेक्षण

लायडार या तंत्रात विमानातून किंवा हेलिकॉप्टरमधून लेझर किरण सोडून झाडीखालील जमिनीचा उंचसखलपणा मोजला जातो. कंबोडियात २०१२ मध्ये सुमारे ३७० चौ.किमी. आणि २०१५ मध्ये सुमारे १,९०० चौ.किमी. क्षेत्राचे असे सर्वेक्षण झाले. त्याचे नेतृत्व पुरातत्त्वज्ञ डेमियन इव्हान्स यांनी केले. मंदिरांभोवतीचे रस्ते, तळी, बांध आणि घरांचे उंचवटे त्यातून स्पष्ट झाले. कुलेन डोंगरावरील महेंद्रपर्वत हे नगर शिलालेखांतून माहीत होते; त्याची आखीव रचना या सर्वेक्षणातून नकाशावर आली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने तेराव्या शतकातील बृहद् आंकोरची लोकसंख्या सात ते नऊ लाख असावी, असा अंदाज मांडला.

आंकोरच्या ऱ्हासाची कारणे

अयुथयाच्या सैन्याने १४३१ च्या सुमारास केलेल्या आक्रमणामुळे आंकोर अचानक ओस पडले, असे पूर्वी मानले जाई. व्हिएतनाममधील वृक्षांच्या वर्षवलयांच्या २०१० मधील अभ्यासातून चौदाव्या शतकात आणि पंधराव्या शतकाच्या आरंभी दीर्घ अवर्षणे व त्यांच्या मध्ये अतिवृष्टीची वर्षे आल्याचे दिसले. कालवे आणि तलावांच्या विस्तीर्ण जाळ्याला हे चढउतार पेलले नसावेत, असे काही संशोधक मानतात. आंकोर थोमच्या खंदकातील गाळाच्या २०१९ मधील अभ्यासानुसार नगराच्या मध्यवर्ती भागातील वावर चौदाव्या शतकाच्या आरंभापासूनच हळूहळू घटत होता. त्यामुळे एकाएकी झालेल्या विनाशापेक्षा दीर्घकालीन स्थलांतराची मांडणी आज अधिक स्वीकारली जाते.

शिलालेखांचे पुनर्वाचन

सावेरोस पू या कंबोडियन भाषाशास्त्रज्ञेचा प्राचीन ख्मेर भाषेचा कोश १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. मायकेल व्हिकरी यांनी १९९८ च्या ग्रंथात प्रामुख्याने ख्मेर भाषेतील लेखांच्या आधारे सातव्या-आठव्या शतकांतील समाजाची मांडणी केली. स्थानिक अधिकारपदे, जमीन आणि देवस्थाने यांच्या संबंधांतून राज्य कसे घडले, हे त्यांनी दाखवले. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘धर्म’ या युरोपीय प्रकल्पात दक्षिण व आग्नेय आशियातील लेख समान पद्धतीने संगणकीय स्वरूपात आणले गेले. त्यामुळे भारतातील आणि कंबोडियातील दानलेखांची तुलना सुलभ झाली.

मूर्तींची चोरी आणि परतावा

यादवी युद्धाच्या काळात आणि नंतरही मंदिरांतील मूर्तींची मोठ्या प्रमाणावर चोरी झाली. को केर येथील प्रासात चेन मंदिरात मूर्तींची पावले जोत्यांवरच राहिली होती. परदेशांतील मूर्तींशी ती जुळवून त्यांचे मूळ स्थान सिद्ध करता आले. त्यानंतर दुर्योधन, भीम आणि हनुमान यांच्या मूर्ती २०१४ आणि २०१५ मध्ये कंबोडियाला परत मिळाल्या. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०२३ मध्ये १४ ख्मेर शिल्पे परत करण्याची घोषणा केली. वस्तूचा मालकीप्रवास तपासणे हा यामुळे कलेतिहासाचा महत्त्वाचा भाग बनला आहे.

शेजारील प्रदेशांचे अध्ययन

जयवर्मन दुसरा याच्यापासूनच्या राजपरंपरेची आणि देवराज पंथाची माहिती देणारा स्दोक काक थोम लेख (शके ९७४, इ.स. १०५२) आजच्या थायलंडमध्ये सापडला. वाट फू हे ख्मेर मंदिर लाओसमध्ये आहे, तर फुनानशी जोडले जाणारे ओक एओ हे स्थळ व्हिएतनाममधील मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात आहे. थायलंडच्या सुरीन आणि बुरीराम प्रांतांत व मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात आजही ख्मेर भाषक राहतात. मध्य व्हिएतनाममधील चाम लेखांच्या अभ्यासाशिवाय आंकोरच्या युद्धांचा आणि व्यापाराचा इतिहास अपुरा राहतो.

आधुनिक सीमा मात्र संशोधनात अडथळा ठरतात. प्रेआह विहेआर मंदिर कंबोडियाच्या हद्दीत असल्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९६२ मध्ये दिला. तरीही या भागात २००८ ते २०११ दरम्यान चकमकी झाल्या आणि २०२५ मध्ये कंबोडिया-थायलंड सीमेवर पुन्हा सशस्त्र संघर्ष झाला. प्राचीन मंदिरे राष्ट्रीय अस्मितेची प्रतीके बनल्यामुळे त्यांच्याविषयीची विधाने राजकीय अर्थानेही वाचली जातात.

शिक्षण आणि संशोधनाच्या संधी

कंबोडियात पुरातत्त्वाचे शिक्षण मुख्यतः ललित कला विद्यापीठात मिळते. सिएम रीप येथील वाट डामनाक विहाराच्या आवारातील ख्मेर अध्ययन केंद्र १९९९ मध्ये स्थापन झाले. तेथे सार्वजनिक संशोधन-ग्रंथालय असून केंद्रातर्फे अधिछात्रवृत्त्या दिल्या जातात. त्या मुख्यतः कंबोडिया, अमेरिका आणि फ्रान्सच्या नागरिकांसाठी असतात. पॅरिस येथील इनाल्को आणि अमेरिकेतील हवाई विद्यापीठ या संस्थांत ख्मेर भाषा शिकवली जाते. विस्कॉन्सिन विद्यापीठात भरणाऱ्या उन्हाळी वर्गांतही आग्नेय आशियाई भाषांबरोबर ख्मेरचा समावेश असतो. लंडनच्या सोआस या संस्थेने आग्नेय आशियातील विद्यार्थ्यांना प्राचीन कलेच्या अभ्यासासाठी शिष्यवृत्त्या दिल्या आहेत. जपानच्या सोफिया विद्यापीठाच्या पथकाने कंबोडियन विद्यार्थ्यांना उत्खननाचे प्रत्यक्ष शिक्षण दिले. याच उपक्रमात २००१ मध्ये बांतेय क्देई येथे २७४ बौद्ध मूर्ती व मूर्तिखंड उजेडात आले.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने १९८६ ते १९९३ या काळात आंकोर वाट येथे काम केले. त्यातील रासायनिक स्वच्छतेच्या पद्धतीवर नंतर टीका झाली. पुढे या विभागाने ता प्रोम मंदिराच्या संवर्धनात अप्सरा प्राधिकरणाबरोबर भाग घेतला. वर उल्लेखलेल्या फ्रेंच संशोधनसंस्थेची भारतात पुद्दुचेरी आणि पुणे येथे केंद्रे आहेत, तसेच ती पदव्युत्तर व पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्यासाठी साहाय्य देते.

प्राचीन कालखंडाच्या अभ्यासकाला संस्कृत, प्राचीन ख्मेर आणि फ्रेंच या भाषा लागतात. सेदेस यांचे अनुवाद आणि जुने उत्खनन-अहवाल फ्रेंचमध्ये आहेत. बौद्ध साहित्यासाठी पाली आणि समकालीन विषयांसाठी आधुनिक ख्मेर आवश्यक आहे. संस्कृत जाणणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला या क्षेत्रात प्रवेश तुलनेने सोपा जातो, परंतु लेखांच्या ख्मेर भागापर्यंत पोहोचल्याशिवाय त्या समाजाचे चित्र पूर्ण होत नाही.

सद्यस्थिती

या शाखेतील बरेचसे प्रमाण साहित्य अजूनही फ्रेंच आणि इंग्रजीत असल्याने स्वतःच्या देशाचा प्राचीन इतिहास अभ्यासताना कंबोडियन विद्यार्थ्यांना आधी परकी भाषा शिकावी लागते. मानववंशशास्त्रज्ञ आंग चुलेआन यांच्यासारख्या अभ्यासकांनी ख्मेर भाषेत लेखन करून आणि तरुण संशोधक घडवून ही उणीव कमी करण्याचा प्रयत्न केला आहे. त्यांना २०११ मध्ये फुकुओका पुरस्काराचा सर्वोच्च सन्मान मिळाला.