पफ पॅनेल 'नॅनो' आहे म्हणतात? आधी हे तीन आकडे विचारा

द्राक्षाची प्रीकूलिंग खोली असो, दुधाचा बल्क कूलर असो की घरावरचा सोलर हीटर, गारवा किंवा ऊब धरून ठेवतो तो मधला फोम. पिवळसर असेल तर पफ, पांढरा असेल तर थर्माकोल. यात प्लास्टिक नावालाच. थर्माकोलमध्ये साधारण ९८ टक्के हवाच असते. बारीक बुडबुड्यांत अडकलेली ही हवा किंवा गॅस उष्णता अडवतो.

मग नॅनो कशाला? नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. फोममध्ये घालायचा असा एक पदार्थ शेतकऱ्याच्या ओळखीचाच आहे, बेंटोनाइट. गंधकाच्या खताच्या दाण्यात असते तीच चिकणमाती. तिचे पापुद्रे जेमतेम १ नॅनोमीटर जाडीचे. ते सुटे करून कच्च्या मालात वजनाच्या १ ते ५ टक्के मिसळले, की बुडबुडे धरायला जास्त जागा मिळतात. बुडबुडे संख्येने वाढतात आणि लहान होतात, त्यामुळे उष्णता कमी शिरते. शिवाय पफमधला गॅस वर्षानुवर्षं हळूहळू निसटतो आणि जुनं पॅनेल गारवा कमी धरतं. हे पापुद्रे आडवे आले की गॅसची वाट लांबते.

पण मिसळणं नीट जमलं पाहिजे. भजीच्या पिठासारख्या गुठळ्या राहिल्या की बुडबुडे फुटतात, फोम ठिसूळ होतो. म्हणून नुसत्या 'नॅनो' शब्दावर जास्त पैसे मोजू नका. जाडी, घनता आणि के-व्हॅल्यू लेखी मागा. पफची घनता साधारण ४० किलो प्रति घनमीटर असावी. के-व्हॅल्यू जितकी कमी तितकं चांगलं: नव्या पफची ०.०२२ ते ०.०२५, थर्माकोलची ०.०३५ च्या आसपास. समजा नॅनोमुळे ती १० टक्क्यांनी उतरली, तर १०० मिलिमीटरचं काम ९० मध्ये होईल. कुणी ६० मध्ये होतं म्हणालं तर सरळ चाचणी अहवाल दाखवायला सांगा.

आगीचंही तसंच. माती जळत नाही, जळणाऱ्या फोमवर ती थर धरते आणि आग पसरायला वेळ लागतो. पण फोम जळतोच, आणि पफच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सायनाइड असे विषारी वायू असतात. त्यामुळे शेडचं वेल्डिंग पॅनेल यायच्या आधीच उरकून घ्या. आणि कापून उरलेले तुकडे बांधावर पेटवू नका, ठेकेदारालाच परत न्यायला लावा.