नोकरी सांभाळून डोंगरातली अल्ट्रा

परवा सिंहगडाच्या आतकरवाडी वाटेवर एका ताईंनी विचारलं, "घर, नोकरी सांभाळून एसआरटी अल्ट्रा मॅरेथॉनची तयारी जमते?"

जमते!

एसआरटीच्या, म्हणजे सिंहगड-राजगड-तोरणा मार्गावर अंतरापेक्षा चढ-उतारच दमवतात. म्हणून मी किलोमीटर मोजत नाही, वेळ मोजते. कामाच्या दिवशी पहाटे वेताळ टेकडी, नाहीतर पर्वतीच्या पायऱ्या. पाऊण तास पुरतो.

शनिवारी लांब पल्ला, रविवारी त्याच थकलेल्या पायांनी सिंहगड. दोन्ही दिवशी दुपारी घरी, त्यामुळे घरच्यांनाही सोसतं.

उताराचा सराव मात्र टाळू नका. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, म्हणून ते जास्त दुखतात. हळूहळू सवय लावली की दुखणं कमी होतं. (आणि झोप कापून पळणं मला अजिबात पटत नाही.)

तुमची ड्यूटी कशी असते? कमेंटमध्ये लिहा, मिळून वेळापत्रक बसवू.