कधीपासून? इंग्रजीत नीट सांगूया

'हे कधी सुरू झालं?' असं कुणी इंग्रजीत विचारलं, तर काय सांगायचं, ते आज पाहू.

फेब्रुवारीत आम्ही एका गटासोबत कर्जासाठी बँकेत गेलो. उन्हाळ्याआधी पापडाचं यंत्र घ्यायचं होतं. साहेबांना मराठी येत नव्हतं. गट कधीचा, असं त्यांनी विचारलं. अध्यक्षताई धीर करून म्हणाल्या, 'वी जस्ट स्टार्टेड.' त्यांना म्हणायचं होतं, अजून वर्ष झालं नाही. साहेबांना कळलं, आत्ताच सुरू केला. पासबुकावर खातंही ऑक्टोबरचं. 'नंतर या,' म्हणाले.

खरं तर पहिली बैठक जूनमध्येच झाली होती. बँक कर्जासाठी गट किमान सहा महिने चालू असावा लागतो, आणि ते महिने खातं उघडल्यापासून नाही, गटाच्या वह्यांवरून मोजतात. गट पात्र होता. अडलं एका शब्दावर, आणि इतिवृत्ताची वही घरी ठेवली ही आमचीही चूक.

आता शब्द पाहू. आपण 'जूनपासून' म्हणतो आणि 'आठ महिन्यांपासून'ही म्हणतो. आपला 'पासून' दोन्हीकडे चालतो. इंग्रजीत तसं नाही.

सुरुवातीचा महिना, वार, साल सांगायचं तर 'सिन्स': 'वी हॅव बीन सेव्हिंग सिन्स जून.'

किती काळ झाला ते मोजून सांगायचं तर 'फॉर': 'वी हॅव बीन सेव्हिंग फॉर एट मंथ्स.' इथे 'सिन्स एट मंथ्स' म्हणू नये.

'हॅव बीन' विसरू नका. काम तेव्हा सुरू झालं आणि अजून चालू आहे, हे त्यातून कळतं.

'जस्ट' म्हणजे आत्ताच, नुकतंच. फॉर्म आत्ता भरून झाला, तर 'वी हॅव जस्ट फिल्ड द फॉर्म.'

'रिसेंटली' म्हणजे अलीकडे. आठवडाही असेल, चार महिनेही. गप्पांत चालेल, कार्यालयात महिनाच सांगावा.

पुढच्या आठवड्यात आम्ही वही घेऊन परत गेलो. ताईंनी 'सिन्स जून' म्हणत पहिल्या बैठकीचं पान उघडलं. साहेबांनी अर्ज घेतला.

येत्या बैठकीत हजेरीनंतर प्रत्येकीने एक वाक्य म्हणावं: मी गटात कधीपासून आहे? एकदा 'सिन्स' लावून, एकदा 'फॉर' लावून. आणि शब्द नाहीच आठवला, तर मराठीत सांगा आणि वही पुढे करा. तारीख सगळ्यांनाच वाचता येते.