सर्व्हर भंगारात, सेटअप हवालदिल

आयटी सपोर्टमध्ये मुरलेली माणसं १७०६ हा आकडा विसरत नाहीत. मायक्रोसॉफ्ट ऑफिस वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतं. मग एके दिवशी अकाउंट्समधलं कुणीतरी एक्सेलमधला कधीही न वापरलेला पर्याय निवडतं. इन्स्टॉलरची पट्टी सरकू लागते, मध्येच अडते आणि त्या क्रमांकाची एरर येते: लागणाऱ्या फायली सापडत नाहीत, नेटवर्क तपासा. नेटवर्क ठणठणीत असतं. ज्या सर्व्हरवरून हे सॉफ्टवेअर वाटलं, तोच मधल्या काळात भंगारात गेलेला असतो.

हे दुखणं विंडोज इन्स्टॉलरबरोबर आलं. १९९९ साली ऑफिस २००० सोबत मायक्रोसॉफ्टने ही यंत्रणा आणली. कल्पना झकास होती. सगळं एकदम पीसीवर ओतायचं नाही, एखादी सोय पहिल्यांदा लागेल तेव्हाच उतरवायची. फाइल उडाली किंवा बिघडली तर इन्स्टॉलरने आपणहून नवी आणून बसवायची. आणायची कुठून, हे ठरवणं मात्र प्रशासकाच्या गळ्यात.

तो सेटअपला ‘स्लॅश ए’ लावून सर्व्हरवरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये सगळ्या फायली उलगडून ठेवतो आणि तिथून गावभरच्या पीसींवर इन्स्टॉल करतो. त्याच वेळी प्रत्येक पीसीच्या रजिस्ट्रीत ‘सोर्सलिस्ट’ ही पत्त्यांची यादी तयार होते. पुढे फाइल लागली की इन्स्टॉलर आधी शेवटचा वापरलेला पत्ता ठोठावतो. तिथे दाद मिळाली नाही तर यादीतले नेटवर्कचे पत्ते, मग सीडी, शेवटी वेबचा पत्ता. हा क्रम पॉलिसीतून बदलता येतो. यादीत एमएसआय फाइलचं नावही नोंदलेलं असतं. कुणी हौशीने सर्व्हरवर त्या फाइलचं नाव ‘सुटसुटीत’ केलं, की फोल्डर जागेवर असूनही इन्स्टॉलर हात वर करतो.

पत्ता लिहिण्यातही खोच आहे. शेअरला जोडलेला ‘झेड’ ड्राइव्ह तुमच्या लॉगिनपुरता. ग्रुप पॉलिसीतून संगणकाला नेमून दिलेलं सॉफ्टवेअर कुणी लॉगिन करण्याआधीच, सिस्टिमच्या खात्याने चढतं. त्याच्या लेखी झेड नावाचं काही नसतंच. म्हणून पत्ता पूर्ण हवा: दोन बॅकस्लॅश, सर्व्हर, शेअर. शिवाय त्या शेअरवर वाचायची परवानगी माणसांबरोबर संगणकांच्या खात्यांनाही हवी. ही दुसरी अट हमखास राहून जाते आणि मग अख्खी दुपार केबल तपासण्यात जाते.

ऑफिस २००० च्या कस्टम इन्स्टॉलेशन विझार्डमध्ये जादा सर्व्हर नोंदवायचं एक पान होतं. पुणे, नाशिक, नागपूर अशा शाखा असल्या तर तिन्ही पत्ते आधीच लिहून ठेवायचे. एक पडला तर दुसरा. बहुतेक जण ‘नेक्स्ट’ दाबून पुढे जात. त्याहून पक्का उपाय डीएफएसचा, म्हणजे डिस्ट्रिब्युटेड फाइल सिस्टिमचा. त्यात पत्त्यात सर्व्हरचं नावच येत नाही, डोमेनचं येतं. पीसीने तो पत्ता विचारला की डीएफएस त्याला शक्यतो जवळच्या साइटवरच्या सर्व्हरकडे धाडतं. मागची मशीन कितीही बदला, पीसीवरच्या यादीला हात लावायची गरज पडत नाही.

मायक्रोसॉफ्टलाही पुढे शहाणपण सुचलं. ऑफिस २००३ पासून मूळ फायलींची प्रत पीसीवरच ठेवायची सोय आली, २००७ मध्ये ती सक्तीची झाली. ऑफिसच्या आजच्या क्लिक-टू-रन इन्स्टॉलेशनमध्ये कॉन्फिगरेशन फाइलीत ‘सोर्सपाथ’ हा शब्द अजून आहेच. तो लिहिला नाही तर सेटअप आधी स्वतःच्या फोल्डरमध्ये पाहतो आणि तिथे काही नसेल तर थेट इंटरनेट गाठतो. शेकडो पीसींनी सोमवारी सकाळी एकदम असं केलं तर शाखेची लाइन बसलीच म्हणून समजा.

तेव्हा जुना सर्व्हर कायमचा काढण्याआधी त्याचा शेअर आठवडाभर नुसता बंद करून ठेवा. कुणाकुणाचे फोन येतात, ते लिहून घ्या. त्या पीसींच्या सोर्सलिस्ट आधी सुधारा, मग मशीन हलवा.