बाबांची रेकॉर्ड, माझी वायर

बोनस मिळाल्या मिळाल्या ॲम्प्लिफायर आणि स्पीकर घेतले. बाबांचा माळ्यावरचा रेकॉर्ड प्लेअर जोडला, थाटात भीमसेनजी लावले. आवाज चिरका, अगदी दबका! "राहू दे रे," म्हणत बाबा उठले. लागलं मनाला.

मी स्पीकरच बदलायला निघालो होतो, पण घोळ माझाच. वायर 'ऑक्स'मध्ये खुपसली होती. बॉस, रेकॉर्ड बनवताना खर्ज मुद्दाम दाबतात आणि पिनमधून येणारा सिग्नल जेमतेम काही मिलिव्होल्टचा. दोन्ही भरून काढायला 'फोनो' इनपुटच लागतं. ॲम्प्लिफायर घेताना ते आधी बघा. नसेल तर वेगळा फोनो प्रीॲम्प घ्या. प्लेअरची अर्थची बारीक वायरही जोडा, नाहीतर तानपुऱ्याआधी घूंऽऽ सुरू!

रविवारी बाबांनी तीच रेकॉर्ड दोनदा लावली.